फॅन कुणाचे, आणि किंमत कोण मोजते?

जावळी तालुक्यातील मेढा हे तालुक्याचे गाव. वेण्णा नदी, एसटीचा आगार, तहसील कचेरी, आणि कित्येक घरांतला कर्ता माणूस मुंबईला नाही तर वाशीला माथाडीच्या कामावर. या गावात आणि भोवतालच्या वाड्यावस्त्यांवर अलीकडे एक नवा पंथ उदयास आला आहे. त्या पंथाचे नाव फॅन! स्टँडवर साताऱ्याच्या गाडीची वाट पाहणारी पोरे पाहा. कुणी अमक्या हिरोचा, कुणी तमक्या क्रिकेटवीराचा, कुणी एखाद्या नाचणाऱ्या मुलीचा 'कट्टर समर्थक'. आपल्या हिरोबद्दल कुणी चार शब्द वाकडे लिहिले की ही पोरे मोबाईलवर तुटून पडतात. शिव्या आईबहिणीवरून आणि धमक्या घरात घुसण्याच्या. ज्याला शिव्या दिल्या तो कोण, कुठला, हे त्यांना ठाऊक नसते. ज्याच्यासाठी दिल्या त्याला तर मेढा नावाचे गाव आहे हेही ठाऊक नसते.

कुणी म्हणेल, पोरांचे वय आहे, करू द्या मौज. आवडीला आमचा विरोध नाही. चांगला नट आवडावा, चांगले गाणे पुन्हा पुन्हा ऐकावे. परंतु आवड जेव्हा फौज बनते तेव्हा तिच्या पायाखाली कोण तुडवले जाते, हा प्रश्न चळवळीच्या वाचकांनी विचारलाच पाहिजे.

याची पाळेमुळे मोबाईलच्या पुष्कळ आधीची आहेत. आजच्या सांगली जिल्ह्यातील वाळवा तालुक्यातले रेठरे हरणाक्ष हे पठ्ठे बापूरावांचे गाव. जन्माने ब्राह्मण असलेले श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी तमाशात उतरले आणि नामवंत शाहीर झाले. त्यांच्या फडात नाचणारी पवळा ही महार समाजात जन्मलेली कलावंत. तिला पाहण्यासाठी मुंबईतही माणसांची झुंबड उडे. नाव बापूरावांचे झाले, शिट्ट्या पवळेवर पडल्या. तमाशाच्या उत्पन्नातून बापूरावांनी देऊ केलेली देणगी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नाकारली, अशी आठवण सांगितली जाते. आमच्या भगिनींना नाचवून मिळवलेला पैसा आमच्या लढ्याला नको, हा त्या नकारामागचा अर्थ. टाळ्या वाजवणाऱ्यांची गर्दी म्हणजे कलावंताचा सन्मान नव्हे, हे त्यांनी ओळखले होते.

आता पवळेच्या काळातून आजच्या काळात या. गौतमी पाटील या नृत्यांगनेच्या कार्यक्रमाला ऑक्टोबर २०२२ मध्ये मिरज तालुक्यातील बेडगला इतकी गर्दी उसळली की प्रेक्षक शाळेच्या छपरावर चढले आणि कौलांचा चुराडा झाला. शाळेची कौले! नाच पाहण्यासाठी ज्ञानमंदिर फोडले तरी कुणाला खंत नाही. पुढे फेब्रुवारी २०२३ मध्ये ती कपडे बदलत असताना चोरून काढलेली चित्रफीत मोबाईलवरून गावोगाव पसरली. राज्य महिला आयोगाला दखल घ्यावी लागली, पुण्यात गुन्हा नोंदवला गेला. ती चित्रफीत पुढे पाठवणारे कोण होते? तिचे शत्रू? नव्हे. आदल्या दिवशी तिच्याच रीलला बदाम टाकणारे हात त्यांत असणारच. तिच्या नाचावर समाजाने जरूर टीका करावी. पण ज्यांना तिचा नाच हवा, तिची चोरलेली चित्रफीतही हवी आणि वर संस्कृतीची चिंताही करायची आहे, अशांची टीका आम्ही मोजत नाही.

'सैराट'चे उदाहरण तर आपल्या अगदी जवळचे. २९ एप्रिल २०१६ रोजी नागराज मंजुळे यांचा हा चित्रपट आला आणि अकलूजची रिंकू राजगुरू ही शाळकरी मुलगी एका आठवड्यात घराघरांत पोचली. जातीने केलेल्या खुनाची गोष्ट सांगणारा तो चित्रपट. पण फॅनमंडळींनी काय केले? गाण्यांवर नाचले आणि शेवटचा रक्ताचा पाऊलठसा विसरले. त्या मुलीला मात्र गर्दीमुळे शाळेत बसणे मुश्कील झाले. दहावीची परीक्षा तिने सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दिली. निकाल लागला तेव्हा तिचे ६६.४० टक्के महाराष्ट्रभर चघळले गेले. ज्या मुलीच्या शिक्षणात आपल्याच प्रेमाने अडथळा आणला, तिचेच गुण मोजायला हीच मंडळी पुढे! सावित्रीबाईंच्या जिल्ह्यात, नायगावच्या मातीत वाढलेल्यांना तरी ही गोष्ट बोचायला हवी.

शेजारच्या कर्नाटकात तर प्रकरण खुनापर्यंत गेले. जून २०२४ मध्ये कन्नड नट दर्शन याला खुनाच्या आरोपावरून अटक झाली. मारला गेलेला चित्रदुर्गचा तरुण दर्शनचाच चाहता होता. आपल्या हिरोच्या मैत्रिणीला त्याने मोबाईलवर अश्लील संदेश पाठवले, म्हणून त्याला पळवून नेऊन मारले असा पोलिसांचा आरोप आहे, आणि आरोपींत चाहता संघटनेचा स्थानिक प्रमुखही आहे. म्हणजे पाहा, शिव्या देणारा फॅन, पळवून नेण्याचा आरोप असलेला फॅन! जुलै २०२५ मध्ये मृताच्या कुटुंबाला न्याय मिळावा अशी भूमिका घेणाऱ्या अभिनेत्री रम्या यांना याच फौजेने इतक्या घाणेरड्या भाषेत धमकावले की त्यांना बंगळूरू पोलिसांत तक्रार द्यावी लागली. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दर्शनचा जामीन रद्द केला. एका बाईला गलिच्छ संदेश पाठवल्याचा राग म्हणून सुरू झालेली गोष्ट दुसऱ्या बाईला तसेच संदेश पाठवण्यापर्यंत आली, आणि यात कुणाला विसंगती दिसली नाही.

आपल्याकडे २०२० साली सुशांतसिंह राजपूत प्रकरणात रिया चक्रवर्तीला खटल्याआधीच मोबाईलवर फाशी देऊन झाली होती. आत्महत्येचाच निष्कर्ष एम्सच्या डॉक्टरांनी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये काढला, सीबीआयने मार्च २०२५ मध्ये तपास बंद करण्याचा अहवाल दिला. तिला खुनी, चेटकीण म्हणणाऱ्यांपैकी किती जणांनी माफी मागितली?

आता घरचे बोलू. विरोधक आम्हाला टोमणा मारतात की तुम्ही तरी काय, बाबासाहेबांचे फॅनच! हा टोमणा आम्हास मान्य नाही. २०१५ साली शिर्डीत मोबाईलवर भीमगीताची रिंगटोन वाजली म्हणून एका तरुणाचा जीव घेतला गेला. ज्या नावासाठी जीव जातो ते नाव करमणुकीचे नसते, माणूसपणाचे असते. परंतु आपलीच काही पोरे डीपीवर बाबासाहेबांचा फोटो लावून खाली आईबहिणीवरून शिव्या लिहितात, या गायकाचे फॅन त्या गायकाच्या फॅनशी भांडतात, जयंतीला कुणाचा डीजे मोठा यावर रात्री जागवतात, तेव्हा टोमणा मारणाऱ्याच्या हाती आपणच काठी देतो.

खुद्द बाबासाहेबांनी याचा निवाडा करून ठेवला आहे. १८ जानेवारी १९४३ रोजी पुण्याच्या गोखले स्मारक सभागृहात, न्यायमूर्ती रानडे यांच्या एकशे एकाव्या जयंतीला, त्यांनी विभूतिपूजेचे दोन प्रकार वेगळे केले. थोर माणसाचे मनापासून कौतुक करणे एक आणि त्याच्यापुढे आपली बुद्धी गहाण ठेवून त्याची आज्ञा पाळणे दुसरे. पहिल्याने माणसाचे काही जात नाही, दुसऱ्याने तो पुरता मूर्ख बनतो. वर्तमानपत्रांनी नायक ठरवायचा आणि त्याची पूजा बांधायची, या धंद्यावरही त्यांनी त्या भाषणात कोरडे ओढले. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत त्यांनी राजकारणातल्या भक्तीचा शेवट हुकूमशाहीत होतो असा इशारा दिला. दोन्ही वेळी त्यांनी स्वतःला त्या नियमातून वगळले नव्हते.

वर्तमानपत्राचे ते काम आज मोबाईल कंपन्या करतात. भांडण जितके पेटेल तितका वेळ पोरगा पडद्याला चिकटेल, आणि जितका चिकटेल तितक्या जाहिराती. हिरोचा पिक्चर चालतो, कंपनीचा धंदा चालतो. त्या भांडणाचा रिचार्ज मात्र वाशीच्या बाजारात पोती वाहणारा बाप भरतो. ४ डिसेंबर २०२४ च्या रात्री हैदराबादच्या संध्या थिएटरात 'पुष्पा २' पाहायला गेलेली एक आई चेंगराचेंगरीत मेली, तिचा लहानगा मुलगा अनेक महिने रुग्णालयात राहिला. पिक्चरने पुढे कमाईचे विक्रम केले.

मेढ्यापासून साताऱ्याचे अंतर एसटीने तासाभराचे. त्याच साताऱ्याच्या सरकारी शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवा आंबेडकर या मुलाचे नाव दाखल झाले. २०१७ पासून तो दिवस राज्यभर विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. आमची जावळीतील कार्यकर्त्यांना सूचना आहे की येत्या ७ नोव्हेंबरला वक्त्याला हार घालण्यापेक्षा या फॅन पोरांनाच समोर बसवावे आणि बोलते करावे. त्यांना झापू नये. रानडे यांच्यावरचे ते भाषण लहानसे आहे, मराठीत मिळते. त्याच्या प्रती काढून त्यांच्या हाती द्याव्यात आणि त्यातले काय पटले नाही, तेही विचारावे.