यंत्राला साधन समजावून सांगताना

भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात 2 फेब्रुवारी 1955 रोजी करार झाला आणि दुर्ग जिल्ह्यातील भिलाई येथे पोलाद कारखाना उभा राहू लागला. 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते तेथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. यंत्रे परदेशी, तज्ज्ञ रशियन बोलणारे आणि कामावर आलेली माणसे देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतली. मध्ये दुभाषे असत. पण एखादा शब्द अडलाच, तर यंत्राकडे बोट दाखवता येई, पुन्हा विचारता येई, समोरच्याच्या चेहऱ्यावरून चूक ओळखता येई.

आज संगणकाच्या जगात असा एक कामकरी आला आहे, ज्याला बोट दाखवून काहीच समजावता येत नाही. त्याला ‘एआय एजंट’ म्हणतात. त्याच्या मुळाशी कृत्रिम बुद्धिमत्तेचे भाषा-प्रारूप असते. हे प्रारूप मजकूर वाचते आणि मजकूर लिहिते. भांडाराची नोंदवही ते स्वतः उघडू शकत नाही. म्हणून त्याला ‘साधने’ दिली जातात. साधन म्हणजे एखादे ठरावीक काम करणारी छोटी संगणकीय आज्ञावली. प्रत्येक साधनाबरोबर त्याचे नाव, त्याचे वर्णन आणि त्याला पुरवावयाची माहिती लिहिलेली असते. एजंट हे लिखाण वाचून कोणते साधन वापरायचे ते ठरवतो आणि आवश्यक माहिती भरतो. मग आज्ञावली काम करते व उत्तर एजंटकडे परत येते. ओपनएआय या कंपनीने जून 2023 मध्ये आपल्या प्रारूपांना अशी सोय दिली. नोव्हेंबर 2024 मध्ये अँथ्रॉपिक या कंपनीने साधने जोडण्याची एक सामाईक पद्धत जाहीर केली. पद्धत कोणतीही असो, साधनाच्या आत काय आहे ते एजंटला दिसत नाही. त्याच्या दृष्टीने वर्णन हेच साधन होय.

भिलाई रेल्वेच्या रुळांसाठी प्रसिद्ध आहे, म्हणून उदाहरण रुळांचेच घेऊ. समजा, एका भांडारासाठी कोणी असे वर्णन लिहिले : ‘रूळ शोधते. वजन द्यावे.’ माणसाला हे पुरेसे वाटेल. पण वजन कशात द्यायचे? ‘60 किलो’चा रूळ म्हणजे मीटरमागे 60 किलोग्रॅम वजनाचा रूळ. जुन्या ‘90 आर’ रुळातील 90 हा आकडा मात्र यार्डमागे पौंडांचा आहे. मीटरमागे त्याचे वजन सुमारे 44.6 किलोग्रॅम भरते. आकडा मोठा असूनही रूळ हलका! एजंट येथे निःशंकपणे 90 लिहून मोकळा होईल आणि चुकीचे उत्तर तितक्याच ठाम भाषेत कळवील. एककांचा असा घोटाळा केवळ भांडारापुरता राहत नाही. एका आज्ञावलीने पौंडांवर आधारलेले आकडे दिले आणि दुसरीने ते न्यूटनमधील समजले, म्हणून अमेरिकेचे मंगळाकडे गेलेले ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ हे यान सप्टेंबर 1999 मध्ये नष्ट झाले.

तेच वर्णन नीट लिहिले, तर असे होईल : ‘भांडारातील रुळांचा शिल्लक साठा सांगते. वजन मीटरमागे किलोग्रॅममध्ये द्यावे, उदाहरणार्थ 52 किंवा 60. जुन्या रुळांसाठी “90 आर” असे पूर्ण लिहावे, नुसते 90 नको. लांबी मीटरमध्ये द्यावी. उत्तर नगांत मिळते, टनांत नव्हे. माल संपला असल्यास शून्य येते. तो प्रकारच नोंदवहीत नसल्यास “नोंद नाही” असे येते. हे साधन मागणी नोंदवत नाही.’

यातील ‘नगांत, टनांत नव्हे’ हे शब्द काहींना फाजील वाटतील. परंतु भिलाईत 130 मीटर लांबीचे अखंड रूळ तयार होतात. 60 किलोच्या अशा एका रुळाचे वजन सुमारे 7.8 टन असते. शंभर नगांना शंभर टन समजले, तर हिशेब जवळजवळ आठपटीने चुकेल. शून्य आणि ‘नोंद नाही’ यांतील भेदही असाच. पहिल्यात माल मागवावा लागतो, दुसऱ्यात बहुधा प्रश्नच चुकीचा विचारलेला असतो.

शेवटचे वाक्य तर सर्वांत मोलाचे. ‘साठा पाहा’ आणि ‘मागणी नोंदवा’ ही दोन साधने शेजारी असताना प्रत्येकाची हद्द सांगितली नाही, तर केवळ चौकशी करायला आलेल्या माणसाच्या नावावर मागणी नोंदली जाण्याचा धोका असतो. पाहणे निरुपद्रवी असते; पैसे पाठवणे, नोंद पुसणे, पत्र धाडणे ही कामे मागे घेता येत नाहीत. अशा साधनाच्या वर्णनात ‘वापरण्यापूर्वी माणसाची संमती घ्यावी’ असे लिहावेच. मात्र केवळ लेखी सूचनेवर विसंबून चालत नाही. संमतीवाचून पुढे न जाण्याची अट आज्ञावलीतही घालावी लागते.

याचा अर्थ वर्णन लांबलचक असावे असा नाही. एजंटसमोर सर्व साधनांची वर्णने एकदम येतात, त्यामुळे पाल्हाळात नेमकी गोष्ट हरवते. किती लिहावे हे ठरवण्याचा एक साधा उपाय आहे. भांडार कधीही न पाहिलेल्या व्यक्तीला ते वर्णन वाचायला द्यावे. ती जे प्रश्न विचारील, तीच गाळलेली वाक्ये समजावीत. त्यानंतर ग्राहक ज्या शब्दांत विचारतात त्याच शब्दांत एजंटला प्रश्न विचारून पाहावेत : ‘साठवाला रूळ आहे का?’, ‘नव्वदचा किती शिल्लक?’ तो कोणते साधन निवडतो आणि कोणता आकडा भरतो, ते तपासावे. ‘नव्वदचा’ म्हटल्यावर त्याने पुन्हा नुसते 90 भरले, तर आज्ञावलीला हात लावण्याआधी वर्णनातील ते वाक्य पुन्हा लिहून पाहावे.