लिनक्स संगणकावरील स्कॅनर : बिघाड शोधण्याची रीत

प्राथमिक शाळेच्या कपाटातील सर्वांत जपण्याजोगा दस्तऐवज म्हणजे जनरल रजिस्टर होय. विद्यार्थ्याचे नाव, जन्मतारीख, जात व शाळा सोडल्याची तारीख यांचा मूळ पुरावा तेथेच असतो; दाखला ही केवळ त्याची नक्कल. जिल्हा परिषदा १ मे १९६२ रोजी अस्तित्वात आल्या. त्यापूर्वीच्या लोकल बोर्डाच्या काळातील रजिस्टरे आजही कित्येक शाळांत आहेत व त्यांतील काही नोंदी मोडी लिपीत आहेत. २०२३ साली निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीच्या कामासाठी कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा या जुन्या वह्यांची पाने पुन्हा पुन्हा उलटावी लागली. अहिल्यानगर जिल्ह्यात अकोल्याच्या डोंगराळ भागातील ओलीने शाई पसरते, तर पाथर्डी-जामखेडकडील कोरड्या हवेत कागद कडांनी तुटतो. अशा पानाची चांगली प्रत एकदाच काढून ठेवावी आणि मूळ वही कपाटात विसावू द्यावी, हा स्कॅनरचा खरा उपयोग आहे.

परंतु शाळेतील संगणकावर सी-डॅकने सिद्ध केलेली ‘बॉस’ किंवा ‘उबुंटू’ ही लिनक्स प्रणाली असली, म्हणजे पुष्कळदा ‘स्कॅनर सापडला नाही’ एवढेच उत्तर पडद्यावर येते. मग तार काढणे, घालणे, संगणक बंद करणे, पुन्हा सुरू करणे असे चालते आणि या सर्व प्रयोगांत ते जीर्ण पान काचेवर पालथे पडलेले असते. यासाठी पहिला दंडक असा की, बिघाड शोधताना काचेवर रजिस्टर ठेवू नये. वर्तमानपत्राचा तुकडा पुरे.

भंडारदऱ्याचे आवर्तन सुटूनही टोकाच्या शेतात पाणी आले नाही, तर शेतकरी विहीर खणू लागत नाही. पाटाला पाणी आहे का, चारीला आहे का, पोटचारीत कोठे फुटले, असे तो क्रमाने पाहत जातो. स्कॅनरचेही तसेच आहे. स्कॅनरमधून निघालेली माहिती तारेने संगणकात येते. तेथे प्रणाली तिला ओळखते. वापरणाऱ्यास परवानगी आहे का ते पाहते. आणि मग ‘सेन’ नावाची व्यवस्था त्या यंत्राची भाषा जाणणारा दुभाषी गाठून देते. पडद्यावर दिसणारी खिडकी ही अगदी शेवटची पायरी. बहुतेक जण नेमके या शेवटच्या पायरीशीच झगडत बसतात.

प्रथम तार पाहावी. वेगळी वीज न घेता केवळ यूएसबी तारेवर चालणारे स्कॅनर पुष्कळ आहेत. साध्या खणातून त्यांना ५०० मिलिअँपिअरपर्यंतच वीज मिळते. मध्ये जोडपट्टी किंवा लांब तार आली की दिवा लागतो, पण आतील पट्टी सरकत नाही. म्हणून स्कॅनर थेट संगणकाच्या मागील खणात लावावा. पहिले पान उतरते व दुसऱ्याला यंत्र अडते, असा अनुभव येत असेल, तर निळा खण सोडून काळा वापरून पाहावा; काही जुन्या स्कॅनरांचे नव्या जलद खणाशी जमत नाही. नवे यंत्र घरघरत असेल, तर बुडाशी असलेली वाहतुकीची कळ उघडलेली आहे का, ते पाहावे. एवढ्याशा कळीमुळे चांगले यंत्र तालुक्याला परत जाऊ शकते!

नंतर ‘टर्मिनल’ ही खिडकी उघडून त्यात एल, एस, यू, एस, बी ही पाच इंग्रजी अक्षरे लहान लिपीत, सलग लिहून ‘एंटर’ कळ दाबावी. जोडलेल्या सर्व यंत्रांची यादी येते. तार काढून एकदा व लावून एकदा, अशी दोनदा यादी घ्यावी. तार लावल्यावर एक ओळ वाढली, तर तार, खण व वीज यांचा प्रश्न बहुधा मिटला. ओळ वाढली नाही, तर पुढील कोणताही उपाय करण्यात अर्थ नाही, तार बदलावी.

ओळ वाढूनही स्कॅनर चालत नसेल, तर ‘स्कॅन’ आणि ‘इमेज’ हे दोन इंग्रजी शब्द जोडून, एक जागा सोडून, आडवी रेघ व तिला चिकटून मोठ्या लिपीतील एल लिहावा. ही आज्ञाच नाही असे उत्तर आले, तर ‘सेन-युटिल्स’ हा संच बसवून घ्यावा. येथे एक गंमत होते. यादीत एक यंत्र दिसते, शिक्षक आनंदतो, आणि प्रत्यक्षात तो संगणकाचा कॅमेरा असतो! नावात ‘व्हिडिओ’ हा शब्द असेल, तर तो स्कॅनर समजू नये.

यादी रिकामीच राहिली, तर तीच आज्ञा आरंभी एस, यू, डी, ओ ही अक्षरे व एक जागा लावून द्यावी. संकेतशब्द विचारला जाईल. आता स्कॅनर दिसला, तर दोष केवळ परवानगीचा आहे. संगणकाच्या व्यवस्थापकाकडून शिक्षकाचे खाते ‘स्कॅनर’ नावाच्या गटात घालून घ्यावे, बाहेर पडून पुन्हा प्रवेश करावा. पुन्हा प्रवेश केल्यावाचून बदल लागू होत नाही, हे विसरले की केलेला उपाय फुकट गेला असे वाटते.

व्यवस्थापकाच्या अधिकारानेही दिसला नाही, तर दुभाषीच नाही असे समजावे. ‘सेन’च्या यादीत प्रत्येक नमुन्यापुढे तो कितपत चालतो, याचा शेरा असतो. काही यंत्रांना कंपनीची एखादी वेगळी फाइल लागते. काहींना आधारच नाही, आणि तेथे हट्ट करू नये. छपाई व स्कॅन दोन्ही करणाऱ्या नव्या यंत्रांची गोष्ट निराळी. त्यांतील बरीच ‘आयपीपी-यूएसबी’ या सेवेमार्फत स्वतंत्र दुभाष्यावाचून चालतात. डेबियनच्या २०२१ सालच्या अकराव्या आवृत्तीपासून ती सोय आहे. मात्र ही सेवा यंत्राचा ताबा घेते, त्यामुळे जुना दुभाषी ‘यंत्र व्यग्र आहे’ असे सांगतो. अशा वेळी दोहोंपैकी एकच ठेवावा.

यंत्र चालू झाल्यावर रजिस्टर घ्यावे. फिकी शाई व पिवळा कागद असल्यास ‘काळे-पांढरे’ निवडू नये. पुसट अक्षरे नाहीशी होतात. रंगीत व इंचाला ३०० ठिपके हे प्रमाण पुरते. ६०० केल्यास माहिती चौपट होते व जुना संगणक गुदमरतो. रजिस्टरचे पान पुष्कळदा काचेहून मोठे असते. ते दोन भागांत घ्यावे व दोन्ही भागांत रजिस्टर क्रमांकाचा रकाना येईल असे पाहावे, नाहीतर कोणती जन्मतारीख कोणाची, हेच पुढे कळणार नाही. वहीची शिवण दाबून सपाट करू नये. झाकण थोडे उघडे राहिले तरी चालेल, वर काळे कापड टाकावे.

इतके करूनही यंत्र अडलेच, तर तालुक्यास पाठवायच्या पत्रात ‘स्कॅनर बंद आहे’ एवढेच लिहू नये. यंत्राचा नमुना, पहिल्या यादीत ओळ वाढली की नाही, आणि दुसऱ्या यादीत व्यवस्थापकाच्या अधिकाराने काय दिसले, हे लिहावे. यंत्र हाताळणाऱ्यास त्यावरून तार सोबत घेऊन यावयाचे की फाइल, हे निघण्यापूर्वीच ठरविता येते.