दिव्यांग रुग्ण आणि आपत्कालीन सेवा : १०८ ला फोन करण्याआधीची तयारी

छातीत दुखू लागले किंवा अपघात झाला, की आपण १०८ ला फोन करतो. महाराष्ट्रात २०१४ पासून सुरू असलेली ही सेवा मोफत आहे. पण घरात एकटी असलेली व्यक्ती कर्णबधिर असेल, तर पलीकडून विचारलेले प्रश्न तिला ऐकू येत नाहीत.

शिरूर आणि दौंड तालुक्यांत अनेक घरे गावठाणापासून दूर, उसाच्या शेतांमधील वस्त्यांवर आहेत. रुग्ण आधी तालुक्याच्या रुग्णालयात जातो. प्रकृती गंभीर असेल, तर पुढे साठ ते ऐंशी किलोमीटरवर पुण्याला ससूनमध्ये हलवावे लागते. या प्रवासात डॉक्टर बदलत जातात. त्यामुळे दिव्यांगत्वाची माहिती लिहून रुग्णासोबत पाठवणे हा उपचाराचाच भाग आहे.

ही माहिती का महत्त्वाची?

• मज्जारज्जूची इजा : इजा छातीच्या मध्यभागी किंवा त्याहून वर असेल, तर अचानक ठणकणारे डोके, घाम आणि चेहऱ्यावर लाली ही रक्तदाब धोकादायक वाढल्याची लक्षणे असू शकतात. लघवीची नळी तुंबणे किंवा बद्धकोष्ठता एवढेही कारण पुरते. नुकताच अपघात झालेला नसेल, तर रुग्णाला आडवे न करता बसते करा, पाय खाली सोडा, घट्ट कपडे सैल करा, नळी दुमडली आहे का ते पाहा आणि १०८ ला कळवा.

• सेरेब्रल पाल्सी किंवा जुना अर्धांगवायू : बोलणे आधीपासूनच अस्पष्ट असेल, तर नवीन झटका ओळखणे अवघड जाते. गुठळी विरघळवणारे औषध साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते. म्हणून ‘नेहमी कसे असतात’ आणि ‘शेवटचे नेहमीसारखे कधी होते’ हे डॉक्टरांना आधी सांगा.

• बौद्धिक दिव्यांगत्व, स्वमग्नता : दुखते आहे हे शब्दांत सांगता येत नाही. जेवण सोडणे, डोके आपटणे, पोट धरून बसणे याला ‘हट्ट’ समजू नका.

• कर्णबधिर आणि दृष्टिहीन रुग्ण : कर्णबधिर व्यक्तीशी समोरून, लिहून किंवा खुणेने बोलावे. दृष्टिहीन व्यक्तीला हात लावण्याआधी काय करणार ते सांगावे.

आजच करून ठेवा

१. एका कागदावर नाव, वय, दिव्यांगत्वाचा प्रकार, रोजची औषधे, ॲलर्जी, संवाद कसा साधावा, कसे उचलावे आणि दोन नातेवाइकांचे नंबर लिहा. एक प्रत दारामागे लावा, दुसरी यूडीआयडी कार्डासोबत ठेवा.

२. वस्तीचा पत्ता खुणेसह लिहा : गाव, तालुका, जवळचे मंदिर, शाळा किंवा डेपी. रात्री रस्त्यावर बॅटरी घेऊन कोण उभे राहील, तेही ठरवा.

३. बोलता किंवा ऐकता न येणाऱ्या व्यक्तीच्या फोनमध्ये ‘११२ इंडिया’ ॲप घेऊन नोंदणी करा. शेजाऱ्यांशी ठरवा : दोन मिस्ड कॉल आले, की लगेच घरी यायचे.

४. निघताना श्रवणयंत्र, चष्मा, कुबड्या आणि औषधे सोबत घ्या. रुग्णवाहिकेत व्हीलचेअर मावत नसेल, तर ती मागून कोण आणेल हे ठरवून ठेवा.

तुमचा हक्क

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांचा समावेश आहे. सरकारी आणि खासगी रुग्णालयांच्या सर्व भागांत अडथळ्यांविना प्रवेश आणि तपासणी-उपचारांत प्राधान्य, या तरतुदी त्यात आहेत. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने जिल्ह्यातील दिव्यांगांची नोंद ठेवावी, असेही हा कायदा सांगतो. भीमा आणि घोड नदीकाठच्या गावांत पुराच्या वेळी कोणाला आधी हलवायचे, हे या नोंदीवरून कळू शकते. आपल्या घरातील व्यक्तीचे नाव त्यात आहे का, हे तहसील कार्यालयात विचारा. आरोग्य उपकेंद्राला उतार नसेल, तर ग्रामसभेत तशी मागणी करा. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नाचा ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो.

कागद लिहायला दहा मिनिटे लागतात. औषधे बदलली, की तोही बदला. काय लिहावे याबद्दल शंका असल्यास पुढच्या तपासणीला तो सोबत आणा आणि डॉक्टरांकडून पूर्ण करून घ्या.