गुडघे, पॅरिस आणि 'हिमालय'

"आई, आधी ऑपरेशन करून घे, मग ये," लेक एडिंबराहून फोनवर सांगत होती. मी म्हटलं, "आधी येते, मग करते."

उजव्या गुडघ्याला डॉक्टरांनी फार तर दीड वर्ष दिलं होतं. ऑपरेशनसाठी ठेवलेले पैसे माझे स्वतःचे, धायरीत पंधरा वर्षं पोळी-भाजीचे डबे करून साठवलेले. ते मोडून मी तिकीट काढलं. 'हे' चार दिवस बोलले नाहीत. पाचव्या दिवशी मात्र स्वतःच माझी बॅग वजनकाट्यावर ठेवून बघत होते!

खर्च विमानाच्या आधीच सुरू होतो बरं का, मैत्रिणींनो. पॅरिसला जायला शेंगेन व्हिसा, लेकीकडे जायला ब्रिटनचा वेगळा. शेंगेनची फी २०२४ पासून ९० युरो, आणि व्हिसा नाकारला तरी ती परत मिळत नाही. तिथे पोचल्यावर तर प्रत्येक किमतीला मनातल्या मनात शंभरानं गुणायची सवयच जडते. दोन दिवस मी कॉफीसुद्धा प्यायले नाही.

लेक-जावई पॅरिसला घ्यायला आले होते. शहर सुंदर, यात वादच नाही. पण मेट्रोचे जिने! बऱ्याच स्टेशनांवर लिफ्ट नाही. पर्वतीच्या पायऱ्या निदान देवापर्यंत नेतात, या नुसत्या दुसऱ्या फलाटापर्यंत. तिसऱ्या दिवशी शहाणपण सुचलं आणि आम्ही बसनं फिरायला लागलो. जिने नाहीत आणि खिडकीतून अख्खं गाव दिसतं. रस्त्याकडेची स्वयंचलित स्वच्छतागृहंही फुकट आहेत, हे कुणी आधी सांगितलं असतं तर मी दिवसभर तहान मारून हिंडले नसते.

आणि पाणी! चौकाचौकात गर्द हिरव्या रंगाचे लोखंडी पाणवठे. रिचर्ड वॉलेस नावाच्या इंग्रज धनिकानं १८७२ पासून ते शहरासाठी बसवून दिले. वरचा घुमट चार बायकांनी डोक्यावर तोललेला. म्हटलं, इथेही पाण्याचा भार बायकांच्याच डोक्यावर! टँकरची वाट बघणाऱ्या धायरीकरणीला ते वाहतं, फुकट, पिण्याजोगं पाणी आयफेल टॉवरपेक्षा जास्त आवडलं, हे इथे कबूल करते. लक्झेंबर्ग बागेत तर हिरव्या खुर्च्या असतात, आपण उचलून हव्या तिथे न्यायच्या. मी तासभर एकटी बसले. 'एकट्याच का?' असं कुणीही विचारलं नाही.

मग एडिंबरा. जावयाला गोल्फचा भारी नाद, त्यामुळे एका शनिवारी स्वारी सेंट अँड्र्यूजला निघाली. गोल्फचं माहेरच ते, पण गावाला रेल्वे स्टेशन नाही! फोर्थ नदीवरच्या १८९० च्या अवाढव्य पुलावरून गाडी लूकर्सला जाते, पुढे बस. जावई एका मैदानावर खेळायला गेला आणि आम्ही मायलेकी काठावर. समुद्राचा बोचरा वारा, सावली नाही, आडोसा नाही, आणि मारलेला चेंडू कुठे गेला ते दिसतही नाही. खेळ चार तासांचा. आयुष्यभर कुणाच्या ना कुणाच्या पिशव्या सांभाळत बसले, आता स्कॉटलंडातही तेच का, असं वाटून गेलं.

"चल, तुला हिमालय दाखवते," लेक म्हणाली. मला वाटलं थट्टा. पण तिथे खरंच 'हिमालय' आहे! उंचसखल टेकाडांची हिरवळ, सांभाळणारा बायकांचा क्लब, स्थापना १८६७. खांद्याच्या वर काठी उगारणं बाईला शोभत नाही, अशी त्या काळची समजूत. म्हणून बायकांनी हलक्या हातानं चेंडू ढकलायचा खेळ धरला आणि त्याचा चक्क क्लब काढला. म्हणजे 'पदर सांभाळा' म्हणणारे तिथेही होते तर! थोडे पैसे भरून आता कुणालाही खेळता येतं.

वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, साडीवर जाकीट आणि पायात बूट घालून, मी पहिल्यांदा पटर हातात धरला. पहिला चेंडू टेकाडावर चढला आणि इमानदारीत माझ्या पायाशी परत आला. शेजारच्या गोऱ्या आजीबाई खो खो हसल्या, मीही हसले. चौदाव्या होलला गुडघा कुरकुरायला लागला, तरी अठराही पुरे केले.

दुसऱ्या दिवशी रविवार. जगप्रसिद्ध ओल्ड कोर्स एरवी रविवारी खेळाला बंद असतो, गावकरी त्यावर कुत्री फिरवतात. आपल्याकडे गोल्फचं मैदान म्हणजे कुंपण आणि पहारेकरी, इथे आम्ही मधोमध चालत दगडी पुलावर फोटो काढले. समोरची भारदस्त इमारत १७५४ च्या क्लबची. त्यानं बायकांना सभासद करून घ्यायचं मतदान केलं २०१४ साली. दोनशे साठ वर्षं लागली हो! हिमालयवाल्या तेवढ्या वेळ थांबल्या नाहीत, हे बरंच केलं.

आता ऑपरेशनसाठी पुन्हा पैसे जमवतेय, डबे वाढवलेत. परतल्यावर त्या जिन्यांमुळे गुडघा पंधरा दिवस सुजला होता, तेही लपवत नाही.

जावयानं एक चेंडू दिला होता, तो ह्यांच्या हातावर ठेवला. "एवढ्या पैशांत हे आणलंस?" म्हणाले. रात्री पाणी प्यायला उठले, तर हे हॉलमध्ये छत्री उलटी धरून उभे.

"खांद्याच्या वर नेऊ नका," मी म्हटलं, "ट्यूबलाइट आहे."