वाई परिसरातील पर्यटन

वाई हे महाराष्ट्राच्या सातारा जिल्ह्यातील, कृष्णा नदीच्या डाव्या तीरावर वसलेले ऐतिहासिक शहर व तालुक्याचे ठिकाण आहे. नदीकाठचे घाट, पेशवेकालीन मंदिरे व वाडे आणि भोवतालचे डोंगरी किल्ले यांमुळे येथे वर्षभर पर्यटक येतात. महाबळेश्वर-पाचगणीच्या वाटेवर असल्याने अनेक प्रवासी घटकाभर थांबून पुढे जातात; परंतु घाट, मेणवली आणि एखादा किल्ला पाहावयाचा असल्यास दोन दिवस तरी हवेत.

== इतिहास ==
लोकपरंपरेनुसार वाई म्हणजे महाभारतातील विराटनगरी होय. या समजुतीस ऐतिहासिक आधार नसला तरी वैराटगड, पांडवगड या नावांशी ती जोडली गेली आहे. आदिलशाहीच्या काळात वाई हे सुभ्याचे ठिकाण होते व अफझलखान येथील सुभेदार होता. १६५९ मध्ये प्रतापगडाकडे जाण्यापूर्वी त्याचा तळ वाईलाच पडला होता. शहराला आजचे रूप आले ते मात्र अठराव्या शतकात. नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई या रास्ते घराण्यातील होत्या. या सोयरिकीनंतर रास्त्यांचे वजन वाढले आणि त्यांनी वाईत घाट, वाडे व मंदिरे उभारली.

== घाट व मंदिरे ==
गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह आळी व भीमकुंड आळी अशा आळ्यांनुसार येथील घाट ओळखले जातात. हिवाळ्यात होणारा कृष्णाबाईचा उत्सवही आळीनिहाय असतो. एका घाटाचा उत्सव आटोपला की पुढच्या घाटाचा सुरू होतो. त्यामुळे नेमक्या कोणत्या दिवशी कोणत्या घाटावर जावे, हे स्थानिकांना विचारणेच श्रेयस्कर.

गणपती घाटावरील महागणपतीचे मंदिर १७६२ मध्ये गणपतराव भिकाजी रास्ते यांनी बांधले. मूर्ती एकाच पाषाणात घडविलेली असून तिच्या भव्य आकारामुळे तिला ‘ढोल्या गणपती’ म्हणतात. मंदिर नदीपात्राला अगदी लागून असल्याने पुराचा मारा त्यावर थेट येतो. यासाठी गाभाऱ्याची मागील भिंत माशाच्या आकाराची बांधलेली आहे. तिच्या निमुळत्या कडेवर प्रवाह दुभंगतो व पाणी दोन्ही बाजूंनी निघून जाते. पर्यटक सहसा मूर्तीचे दर्शन घेऊन परततात, पण ही भिंत पाहण्यासाठी मंदिराच्या मागे अवश्य जावे. जवळच काशीविश्वेश्वराचे मंदिर (१७५७) असून तेथील नंदी उल्लेखनीय आहे.

== मेणवली ==
वाईपासून सुमारे तीन किलोमीटरवरील मेणवली येथे नाना फडणवीसांचा सहा चौकांचा वाडा आहे. लाकडी बांधकाम, भिंतींवरील चित्रे आणि नदीकडे उतरणारा चंद्रकोरीच्या आकाराचा घाट ही त्याची वैशिष्ट्ये होत. नानांच्या संग्रहातील मोडी कागदपत्रे ‘मेणवली दप्तर’ म्हणून इतिहाससंशोधकांना परिचित आहेत.

घाटावरील मेणवलेश्वर मंदिराजवळ एक मोठी घंटा टांगलेली आहे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी पोर्तुगिजांकडून वसई जिंकल्यावर तेथील चर्चमधून आणलेल्या घंटांपैकी ही एक असून तिच्यावर बाल येशूसह मेरीची आकृती आहे. याच मोहिमेतील घंटा भीमाशंकर आणि नाशिकचे नारोशंकर मंदिर येथेही पाहावयास मिळतात. ‘स्वदेस’ (२००४) या हिंदी चित्रपटाचे चित्रीकरण या परिसरात झाल्यापासून अनेक जण वाड्यापेक्षा त्यातील दृश्यांच्या जागा शोधत येतात.

== धोम व लोहारे ==
धोम गावातील महादेव मंदिरासमोर कमळाच्या आकाराचे दगडी कुंड आहे. त्यात कासवाच्या पाठीवर नंदीचा मंडप उभारलेला असून कुंड पाण्याने भरले की कासव तरंगत असल्यासारखे भासते. कोरड्या कुंडात ही कल्पना येत नाही. गावाच्या वरच्या अंगास कृष्णेवरील धोम धरणाचा जलाशय पसरलेला आहे. लोहारे येथील बौद्ध लेणी तुलनेने दुर्लक्षित आहेत.

== किल्ले व पदभ्रमण ==
पांडवगड व वैराटगड हे किल्ले शिलाहार राजा दुसरा भोज याने बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधल्याचे मानले जाते. पांडवगडावर मेणवली किंवा गुंडेवाडीकडून, तर वैराटगडावर व्याजवाडीकडून चढता येते. दोन्ही चढाया खड्या असून सावली फारशी नाही.

कमळगडाची वाट दाट झाडीतून जाते. माथ्यावर तटबुरुजांचे अवशेष फारसे उरलेले नसले, तरी ‘गेरूची विहीर’ पाहण्यासारखी आहे. जमिनीला पडलेल्या भेगेसारख्या अरुंद फटीतून पायऱ्या खोल उतरतात व भोवतीच्या भिंती लाल मातीच्या आहेत. आतील ओल्या पायऱ्यांवर विजेरी घेऊनच उतरावे. केंजळगडाच्या माथ्याखालील अखंड कातळात खोदलेल्या पन्नासहून अधिक पायऱ्या हे त्या गडाचे वैशिष्ट्य होय. जवळच रायरेश्वराचे पठार असल्याने दोन्ही ठिकाणे एकाच फेरीत पाहण्याची प्रथा आहे.

पसरणी घाट चढून गेल्यावर पाचगणीचे टेबललँड लागते. हिवाळा-उन्हाळ्यात त्या परिसरात पॅराग्लायडिंग चालते. घाटाच्या पायथ्याचे पसरणी हे शाहीर साबळे यांचे गाव होय.

== मांढरदेव ==
डोंगरमाथ्यावरील काळूबाईच्या मंदिरात पौष पौर्णिमेस मोठी यात्रा भरते. २५ जानेवारी २००५ रोजी या यात्रेत अरुंद, निसरड्या वाटेवर चेंगराचेंगरी झाली व दुकानांना आग लागली. या दुर्घटनेत जवळपास ३०० भाविक मृत्युमुखी पडले. केवळ स्थलदर्शनासाठी जाणाऱ्यांनी यात्रेचे दिवस टाळणे योग्य ठरते.

== विद्यापरंपरा ==
नारायणशास्त्री मराठे, म्हणजेच पुढचे केवलानंद सरस्वती, यांनी स्थापन केलेली प्राज्ञपाठशाळा आणि तिचे विद्यार्थी तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्यामुळे वाईचे नाव महाराष्ट्रभर पोहोचले. लक्ष्मणशास्त्रींच्या प्रमुख संपादकत्वाखाली मराठी विश्वकोशाचे काम येथूनच चालले.

== हंगाम व प्रवास ==
पुणे-सातारा महामार्गावरील सुरूर फाट्यावरून वाईकडे रस्ता वळतो. पुणे, सातारा व महाबळेश्वर येथून एसटी बस मिळतात. सर्वांत सोयीचे रेल्वे स्थानक वाठार हे आहे. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ पदभ्रमणास अनुकूल असतो. पावसाळ्यात परिसर हिरवागार होत असला, तरी नदीस पूर आल्यास घाट पाण्याखाली जातात आणि डोंगरउतारांवर दरडींचा धोका असतो. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत वाईच्या पश्चिम भागातील कोंढावळे परिसरात घरांवर दरड कोसळली होती. त्यामुळे पावसाळ्यात गडाची वाट धरण्यापूर्वी पायथ्याच्या गावात चौकशी करावी.