पाऊण लाखाची यादी

गेमिंग पीसीची यादी करायला बसलेलं कुठलंही पोरगं आधी ग्राफिक्स कार्डाचं नाव लिहितं. माझ्या भाच्यानंही वहीच्या पानावर तेच पहिलं लिहिलं होतं, आणि वर कोपऱ्यात दाजींनी दिलेला आकडा: ७५,०००. मॉनिटर धरून. कीबोर्ड आणि माउस जुनेच वापरायचे. दाजींचं आयुष्य माधवनगरात यंत्रमागांत गेलं. एकदा बोललेला आकडा ते बदलत नाहीत. तेव्हा पुढची सगळी वादावादी त्या आकड्याच्या आतच व्हायची होती.

दिवस २०२५च्या दसरा-दिवाळीच्या मधले. घरातल्या जुन्या डबड्यावर विंडोज १० होतं आणि १४ ऑक्टोबरला मायक्रोसॉफ्ट त्याचा आधार काढून घेणार होती, हे एक निमित्त. खरं कारण व्हॅलोरंट हा गेम. पोरगा डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे, अभ्यास बरा करतो, त्यामुळे ताईचाही विरोध तोंडदेखलाच होता.

मी त्याला यादी उलटी करायला लावली. आधी मॉनिटर लिही म्हटलं. त्याला ते पटेना. पण पडद्यावरचा एकेक ठिपका रंगवण्याचं काम कार्डाला करायचं असतं. १९२० बाय १०८०च्या पडद्यावर असे साधारण २०.७ लाख ठिपके असतात आणि २५६० बाय १४४०च्या पडद्यावर ३६.९ लाख, म्हणजे जवळजवळ पावणेदोन पट. तेही सेकंदाला साठ, शंभर, दीडशे वेळा रंगवायचे. मोठा पडदा घेतला की कार्ड मोठं लागतं, कार्डामागून एसएमपीएस म्हणजे वीज पुरवणारा डबा मोठा लागतो, आणि पाऊण लाखाचे बघता बघता सव्वा लाख होतात. २४ इंची, १०८०चा, १८० हर्ट्झचा आयपीएस मॉनिटर साडेदहा हजारांच्या आसपास मिळत होता. तो ठरला आणि बाकीची यादी आपोआप आखडली. कार्डाचं नाव लिहून सुरुवात करणाऱ्यांची यादी कधी आखडत नाही, असं माझं मत आहे.

मग गेम कोणते, हा प्रश्न. व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइक २ हे रोजचे. अधूनमधून सायबरपंक, आणि पुण्याच्या नॉडिंग हेड्सनं २०२० साली काढलेला ‘राजी’. शिवाय मनात जीटीए ६. त्यासाठी म्हणून वीस हजार जास्त घालावेत, असा एक प्रस्ताव आला. मी एवढंच विचारलं, की तो जाहीर कशावर झालाय? प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सवर. आधीचा जीटीए ५ कन्सोलवर सप्टेंबर २०१३मध्ये आला आणि पीसीवर एप्रिल २०१५मध्ये. जो गेम आपल्या मशीनवर कधी येणार हेच ठरलेलं नाही, त्याच्यासाठी आजच्या भावानं सामान घेऊन ठेवायचं? प्रस्ताव बारगळला. पोराचा चेहरा पडला, पण बारगळला.

कार्डात तिघांत चुरस होती. आरएक्स ६६००, आरएक्स ७६०० आणि आरटीएक्स ५०६०. तिन्ही आठ जीबीची. मधल्याची किंमत साडेचोवीस हजारांच्या घरात, शेवटच्याची तीसच्या आसपास. एनव्हिडियाकडे डीएलएसएस आहे, म्हणजे कमी ठिपक्यांचं चित्र काढून ते हुशारीनं मोठं करण्याची युक्ती, आणि ती एएमडीच्या युक्तीपेक्षा सरस आहे हे मान्य. पण त्याचे रोजचे गेम हलके, त्यांत तिची फारशी गरजच पडत नाही. वरचे पाच हजार वाचले तर ते कुठं जातील, हे मी आधीच मनाशी धरून ठेवलं होतं.

चौथा पर्याय जुन्या कार्डाचा, म्हणजे कुणीतरी वापरून विकायला काढलेल्या. १५ सप्टेंबर २०२२ला इथेरियम या आभासी चलनाची पद्धत बदलली आणि कार्डांवर त्याचं नाणं काढण्याचा धंदा एका दिवसात बंद झाला. तेव्हा रात्रंदिवस राबलेली कार्डं ढिगानं बाजारात आली आणि ती अजून फिरताहेत. कार्ड राबलेलं म्हणजे वाईटच असं नाही. पंखे आणि थर्मल पेस्ट बदलली तर कित्येक चालतात. मला भीती वाटते ती नावाची. आरएक्स ५८०च्या जाहिरातीत बारीक अक्षरांत ‘२०४८एसपी’ लिहिलेलं असलं तर ते मूळचं ५८० नव्हे. त्याची ताकद ५७०च्या पंगतीतली. दाजींना हे सांगितल्यावर ते म्हणाले, ‘‘पक्कं बिल मिळंल तिथंच घ्यायचं.’’ विषय संपला. आरएक्स ७६०० ठरलं.

प्रोसेसरवर मात्र बराच वेळ गेला. पडद्यावर प्रत्येक चित्र उमटण्याआधी कोण कुठं उभा आहे, गोळी कुणाला लागली, भिंत कुठं आहे हा हिशेब प्रोसेसर करतो आणि मग कार्डाला म्हणतो, आता काढ. या घरात हे समजावणं सोपं गेलं: माग कितीही पळणारा असो, कांड्या वेळेवर भरून आल्या नाहीत तर तो थांबतो. व्हॅलोरंटसारख्या गेममध्ये कार्ड मोकळं बसतं आणि प्रोसेसर धापा टाकतो, सायबरपंकमध्ये उलट. म्हणून दोघांची जोडी बघायची, एकट्याचा रुबाब बघायचा नाही.

दुकानदारांचा आग्रह एएम५चा असतो. नवं सॉकेट, सप्टेंबर २०२२पासूनचं, पुढं वर्षानुवर्षं प्रोसेसर बदलता येईल. खरं आहे. पण एएम५वर डीडीआर५ रॅमच लागते, बोर्डही महाग. रायझन ५ ७६०० घेतला असता तर प्रोसेसर, बोर्ड आणि रॅम मिळून दहा-बारा हजारांचा फरक पडत होता. रायझन ५ ५६०० जुन्या एएम४वरचा, २०२२चा, सहा कोर, बारा थ्रेड, ६५ वॉट, आणि कूलर खोक्यातच येतो. आठ जीबीच्या या कार्डाला तो पुरून उरतो. पुढं बदलता येईल म्हणून आज जास्त देणारी पोरं मी पाहिलीत. बदलायची वेळ येते तेव्हा बोर्डसुद्धा नवाच हवा असतो. भाच्यानं बी५५० बोर्ड निवडला. त्यावर बायोसची कोणती आवृत्ती आहे हे विचारून घ्यायला मी सांगितलं, कारण गोदामात पडून राहिलेला बोर्ड कधीकधी ५६००ला ओळखतच नाही.

रॅम आठ-आठच्या दोन कांड्या, ३२००च्या. सोळाची एक दे, असं दुकानात बहुतेक वेळा होतं आणि तिथं वेग हकनाक जातो, कारण बोर्डाच्या दोन वाटांपैकी एक रिकामी राहते. एसएसडी एक टीबीची. पाचशे जीबीची घेतली तर दोन-तीन मोठे गेम चढवल्यावर जागेची मारामार सुरू होते.

सामान घ्यायला आम्ही वडापनं कॉलेज कॉर्नरला उतरून सांगलीत गेलो. दुकानदार माहितगार, बोलका. २०१९च्या पुरापासून नवी खोकी वरच्या माळ्यावर ठेवतो. त्यानं यादी पाहिली, मान हलवली आणि एसएमपीएसवर बोट ठेवलं: ‘‘इथं दोन हजार वाचवा की, साहेब. साडेचारशे वॉटचा देतो, लाइटिंगवाल्या कॅबिनेटबरोबर.’’ कार्डावर वाचलेले पाच हजार मी याच डब्यासाठी धरून ठेवले होते. कार्ड १६५ वॉट, प्रोसेसर पूर्ण जोरात ८८ वॉटपर्यंत, बाकीचं धरून तीनशेच्या आत सगळं बसतं. मग साडेचारशे का नको? कारण स्वस्त डब्यावरचा आकडा आणि त्याच्या बारा व्होल्टच्या तारेतून खरोखर मिळणारी वीज यांत पुष्कळ अंतर असतं, आणि कार्ड व प्रोसेसर दोघंही बारा व्होल्टवरच जगतात. मी लेबल वाचायला मागितलं. इनपुट २०० ते २४० व्होल्ट. माधवनगरात दाजींच्या मागच्या गल्लीत माग आहेत; सकाळी सगळे एकदम सुरू झाले की घरातला बल्ब क्षणभर डोळा मिटतो. तिथं १००पासून २४०पर्यंत चालणारा, ब्रॉन्झ प्रमाणपत्राचा साडेपाचशे वॉटचा घेतला, साडेचार हजारांना. दुकानदारानं तो काढून देताना ‘‘बरोबर आहे तुमचं’’ असंही म्हटलं, ते जरा आधी म्हणाला असता तर बरं झालं असतं.

कॅबिनेटच्या बाबतीत भाच्याची काचेची हौस मोडली. पुढं काच असलेल्या कॅबिनेटला हवा घ्यायला फटीच तेवढ्या. इकडचा एप्रिल-मे चाळिशीला टेकतो, आणि गल्लीत सुताचा बारीक तंतू उडतच असतो. पुढं जाळी, जाळीमागं धुता येणारा फिल्टर आणि आत हवा घेणारे पंखे बाहेर टाकणाऱ्यांपेक्षा एकानं जास्त, म्हणजे कॅबिनेटच्या फटींतून कचरा आत ओढला जात नाही. रंगीत दिवे नाहीत. ताईला हे विशेष आवडलं.

बेरीज ७३,०००. आता सगळं जमलं असं वाटत असताना मी घरी टेस्टर मागितला, आणि इथं खरा घोळ निघाला. जुन्या कॉम्प्युटरच्या कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. ‘‘थोडा करंट मारतोय तो,’’ असं म्हणून चपला घालून बसायची पद्धत पडली होती. वायरमनला बोलावलं. त्यानं मल्टिमीटर लावला: फेज आणि न्यूट्रलमध्ये २३०च्या आसपास, फेज आणि अर्थमध्ये भलताच डळमळता आकडा. सॉकेट तीन पिनांचं, पण तिसऱ्या पिनेमागं तारच जोडलेली नव्हती. एसएमपीएसच्या आत फेज आणि न्यूट्रल या दोन्हींपासून पत्र्याकडं एकेक छोटा कपॅसिटर असतो, विजेतली खरखर जमिनीत सोडून द्यायला. जमीनच नसेल तर तो पत्रा दोघांच्या मधोमध, शंभर-सव्वाशे व्होल्टवर तरंगत राहतो. प्रवाह अगदी थोडा, म्हणून माणूस फेकला जात नाही, नुसत्या मुंग्या येतात. पण खरा बिघाड झाला, तर वीज जमिनीत जायला वाट नाही. ती वाट मग हात लावणारा माणूस होतो. आणि त्याच पत्र्याला पंचवीस हजारांचं कार्ड स्क्रूनं आवळलेलं.

अंगणात खड्डा खणून, पत्रा पुरून, कोळसा आणि मीठ घालून अर्थिंग केलं, तिथून तार खोलीपर्यंत आणली. न्यूट्रल-अर्थमध्ये दोन व्होल्टच्या आत आकडा आल्यावर वायरमननं सॉकेट बंद केलं. या खर्चानं बेरीज पाऊण लाखाच्या पुढं जात होती. भाचा वही घेऊन दाजींपुढं उभा राहिला. ते म्हणाले, ‘‘ते घराचं काम. यादीत कशाला धरतोस?’’

जोडणीबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. प्रोसेसरच्या कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण सॉकेटच्या त्रिकोणाशी जुळवायचा, दाबायचं नाही. रॅम दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत. भाच्याचे हात माझ्यापेक्षा शांत होते. पहिल्यांदा चालू केलं तर पडदा काळाच, कारण एचडीएमआयची केबल बोर्डाच्या भोकात होती. ५६००मध्ये स्वतःचं ग्राफिक्स नाही, केबल कार्डातच लागते. चित्र आल्यावर मग बायोस. रॅम ३२००ची असली तरी एक्सएमपी चालू करेपर्यंत ती २४००-२६६६वरच रेंगाळते. व्हॅलोरंटला विंडोज ११वर टीपीएम आणि सिक्युअर बूट लागतं, तेही तिथंच. शेवटी विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन साठचे १८० हर्ट्झ करायचे. १८०चा मॉनिटर घेऊन वर्षभर साठवर खेळणारे महाभाग आहेत, आणि ते तक्रार करतात की फरक कळत नाही.

डिसेंबरात भाच्याचा बुधगावचा मित्र तीच यादी घेऊन आला. तोवर रॅमचे भाव भडकले होते; एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीचे कारखाने आपल्याकडं वळवून घेतले, आणि ३ डिसेंबरला मायक्रॉननं ‘क्रुशल’ हा ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. भाच्यानं पाच हजारांना घेतलेल्या रॅमचा आताचा भाव ऐकून मित्र वही मिटायला निघाला होता. भाच्यानं त्याला थांबवलं. काकांच्या ऑफिसात बंद पडलेल्या मशीनमध्ये डीडीआर४च्या दोन कांड्या आहेत का बघ, म्हणाला; २६६६च्या असल्या तरी चालतील, रॅम सध्या यादीतून काढ. आणि घरी अर्थिंग आहे का, ते आधी विचार.