आईचे माहेर आणि साडेचार मीटरांची मोटार

मोटारीचे गोत्र तिच्या पाटीवरून कळते. पांढऱ्या पाटीवर काळी अक्षरे असली, तर ती घरची. पिवळ्या पाटीवर काळी असली, तर चालकासह भाड्याने मिळणारी. आणि काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे दिसली की समजावे, मोटार भाड्याची खरी, पण हाकायची आपली आपणच. (विजेवरच्या मोटारींच्या हिरव्या पाट्यांचा पोटभेद तूर्त बाजूला ठेवू.)

हा तिसरा प्रकार शहरांत दिसतो, तालुक्याच्या गावी सहसा नाही. केंद्र सरकारच्या १९८९ सालच्या योजनेप्रमाणे अशा धंद्याचा परवाना हवा असेल, तर पदरी निदान पन्नास मोटारी असाव्या लागतात. अंबडसारख्या गावी पन्नास मोटारींची पागा कोण बाळगणार? मग ओळखीपाळखीने कोणाची तरी पांढऱ्या पाटीची मोटार ‘दिवसाचे इतके’ या बोलीवर आणली जाते. वाचकांना एवढेच सांगतो की, खासगी मोटारीच्या विम्यात भाड्याचा वापर बसत नाही. वाटेत काही विपरीत घडले, तर विमावाले कानांवर हात ठेवायला मोकळे.

माझे काम अडले होते ते मात्र पाटीपाशी नव्हे, डिकीपाशी. आई ब्याऐंशी वर्षांची. तिचे माहेर अंबडचे. मामांचे पत्र आले होते (मामा अजून पत्र लिहितात!) की वाड्याचा पुढचा सोपा फार खचला आहे, पावसाळ्यापूर्वी तो उतरवायचा ठरला आहे, आक्काला एकदा दाखवून न्या. आईचे गुडघे गेली चार वर्षे संपावर आहेत, तेव्हा तिच्याबरोबर चाकांची खुर्ची आलीच. आणि शहरात भाड्याने मिळणाऱ्या बहुतेक मोटारींच्या डिकीत सीएनजीचे नळकांडे आधीच जावयासारखे ऐसपैस बसलेले असते! तिथे घडी घातलेली खुर्चीही मावत नाही. “टपावर बांधू की, सर,” असे एक चालक म्हणाला. आईला ते पटले नाही. माहेरी जायचे आणि आपले आजारपण टपावर मिरवत न्यायचे, हे कोणत्या माहेरवाशिणीला रुचेल?

तेव्हा हवी होती ती पुऱ्या लांबीची सेडान. पुढे इंजिन, मध्ये माणसे, मागे सामान, अशी तीन स्वतंत्र डब्यांची मोटार म्हणजे सेडान. २००६ सालच्या अर्थसंकल्पात सरकारने ठरवले की, चार मीटरांच्या आतली आणि लहान इंजिनाची मोटार ती ‘छोटी’, आणि छोटीला कर कमी. झाले! कारखानदारांनी शिंप्याची कात्री उचलली. मारुतीची डिझायर २००८ साली आली तेव्हा चार मीटरांहून लांब होती. २०१२ साली ती ३,९९५ मिलिमीटरांची झाली. पाच मिलिमीटर बहुधा शिवणीसाठी सोडले असावेत. कात्री चालली ती अर्थात डिकीवर. सप्टेंबर २०२५ पासून तर छोटीला १८ टक्के आणि मोठीला ४० टक्के जीएसटी, असा उघड पंक्तिप्रपंच आहे. कर ठरवणाऱ्यांना लांब मोटार म्हणजे चैन वाटते. आमच्या घरी ती खुर्चीची सोय होती.

छत्रपती संभाजीनगरहून, म्हणजे आम्ही राहतो तिथून, काळ्या पाटीची एक सेडान दोन दिवसांसाठी घेतली. साडेचार मीटरांहून थोडी अधिक लांब, पावणेदोन मीटर रुंद. खुर्ची डिकीत आडवी गेली आणि वर सौ.ची फराळाची पिशवीही राहिली. जालन्यापर्यंतच्या रस्त्याबद्दल लिहिण्यासारखे काही नाही. पुढे अंबड पंचवीस-एक किलोमीटर. आई जन्मली तेव्हा हा मुलूख निजामाचा होता; पुढे अंबड औरंगाबाद जिल्ह्यात राहिले आणि १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा वेगळा झाला, तेव्हा त्यात आले. आईला हे जिल्हे कधी लागू पडले नाहीत. तिच्या लेखी अंबड हे मत्स्योदरीचे गाव.

मासोळीच्या आकाराच्या टेकडीवर देवीचे देऊळ आहे; नवरात्रात मोठी यात्रा भरते. पायथ्याशी मोटार उभी केली. वरपर्यंत आईला नेणे शक्य नव्हते. तिने काच खाली करून तिथूनच हात जोडले आणि बराच वेळ जोडून ठेवले. मी इंजिन बंद केले.

खरी परीक्षा गावात. लांब मोटारीची पुढची आणि मागची चाके एकमेकांपासून दूर असतात आणि पोट जमिनीलगत. गतिरोधक उंच असला की मधला भाग त्यावर टेकतो. त्यासाठी गतिरोधक तिरपा, एकेका चाकाने ओलांडावा लागतो. मागचा रिक्षावाला त्याचा अर्थ काय लावतो, ते विचारू नये. शिवाय मोटारीला चारी बाजूंनी कान होते. हातगाडी आली, टुंईं. म्हैस आली, टुंईं. केळीवाल्याने कौतुकाने बॉनेटवर हात ठेवला, टुंईं टुंईं. “कोण रडतंय रे?” आईने विचारले.

जुन्या पेठेतली गल्ली बैलगाडीच्या मापाची. नकाशा दाखवणारी बाई निश्चिंतपणे “डावीकडे वळा” म्हणाली, पण मोटार आत शिरली असती तरी दारे उघडली नसती. न उघडणाऱ्या दारांची मोटार आईच्या काय कामाची? दोन तरुण पोरे आपणहून पुढे झाली. “येऊ द्या सर, येऊ द्या... बास!” एका दुकानाच्या कडेला मोटार लागली. डिकी उघडली, खुर्ची निघाली, आणि उरलेली शंभर-सव्वाशे पावले आई तिच्यात बसून गेली. आम्ही ढकलत होतो, पण वाट तीच दाखवत होती. “हळू, इथं गटार आहे.” गटार होते, वर फरशी पडली होती एवढेच.

मामा दारात उभे होते. “ये, आक्का,” म्हणाले, आणि पुढे काही बोलता आले नाही. आईने सोप्यातल्या डावीकडच्या खांबाशी खुर्ची न्यायला लावली. लाकडी खांब, खाली दगडी तळखडा. तिने खांबावरून हात फिरवला. लग्नानंतर पहिल्यांदा एसटीने निघताना तिची आई याच खांबाला धरून उभी होती, हे तिने आम्हाला पूर्वी शंभरदा सांगितले होते. त्या दिवशी नाही सांगितले.

दुसऱ्या दिवशी निघताना मामांनी विचारले, “आक्का, लाकूड तर सुताराला बोललोय. पण हा खांब तुला ठेवू का?”

आईने माझ्याकडे पाहिले. आठ फुटी खांब या मोटारीत जाण्यासारखा नव्हता.

“तळखडा बसंल का रे डिकीत?” ती म्हणाली.

तळखडा बसला. सोप्याला टेकू लावून मामांच्या गड्यांनी तो काढला, दोघांनी उचलून गल्लीच्या तोंडाशी आणला आणि गोधडीत गुंडाळून खुर्चीशेजारी ठेवला. मोटारीचे मागले अंग चांगले दोन बोटे खाली बसले. जालन्यापर्यंत गतिरोधक आला की मोटारीचे पोट खर्रकन घासे, आणि मागून आई म्हणे, “हळू रे, तळखडा आहे.”